किडनी किती टक्के?

किडनी हा फार गप्प अवयव आहे. पोट दुखतं, डोकं ठणकतं, दात तर अख्खं घर जागं ठेवतो. किडनी मात्र बिघडत असली तरी मालकाला पत्ता लागू देत नाही. ती स्वतः बोलत नाही म्हणून तिच्याबद्दल बाकी सगळे बोलतात. मी तेलंगणातल्या आदिलाबादला बरीच वर्षं फिजिशियन म्हणून दवाखाना चालवतेय, आणि या बोलण्याचे किस्से माझ्याकडे रक्तातल्या कचऱ्यासारखे साठत गेलेत. अधूनमधून बाहेर टाकले नाहीत तर मलाच त्रास व्हायचा.

ऐकण्याआधी एवढंच लक्षात ठेवा. आपल्या स्नायूंचा रोज थोडा कचरा निघतो, त्याला क्रिएटिनिन म्हणतात. किडनी तो गाळून बाहेर टाकते. रक्तात किती उरलाय ते लॅब मोजते. मग त्यात वय, बाई की पुरुष, कधी वजनही घालून एक सूत्र सांगतं की किडनी मिनिटाला किती मिलीलीटर रक्त गाळत असावी. ‘असावी’ हा शब्द महत्त्वाचा. तो अंदाज असतो. पण अंदाज एकदा छापून आला की आपल्याकडे त्याचा निकाल होतो!

दवाखान्यात कायमचे आम्ही तिघं. मी, लॅब सांभाळणारे यादगिरी, आणि सुलोचना सिस्टर. सिस्टर इथून जवळच्याच बेला गावच्या. पेशंटला जे विचारायला मी कचरते ते त्या विचारून मोकळ्या होतात.

*

बेल्याकडच्याच एका गावातून भागीरथाबाई आल्या, मुलाला घेऊन. वजन छत्तीस किलो. गुडघ्यांनी जीव नकोसा केलेला. हाडांच्या एका डॉक्टरांनी रोजची वेदनाशामक गोळी लिहून दिली होती, कारण रिपोर्टात क्रिएटिनिनपुढे ‘नॉर्मल’ असं छापलं होतं.

मला ते ‘नॉर्मल’ पटेना. अंगावर मांसच नाही तर कचरा कुठून निघणार? एवढ्याशा बाईच्या रक्तात तेवढा कचरा म्हणजे किडनी बरीच थकलेली. सूत्रात घालायला मी वय विचारलं. कार्डावर अठ्ठावन्न. मी सहज मुलाचं कार्ड पाहिलं, तर त्याचं वय बावन्न. म्हणजे बाईंना सहाव्या वर्षी मुलगा झाला होता.

मग सिस्टर त्यांच्याशी बोलत बसल्या. लग्न कधी, पहिली मुलगी कधी, नातवाला मुलगा कधी झाला, असं करत करत वय पंचाहत्तरच्या आसपास निघालं. ते घातलं तर आकडा तिसाच्याही खाली. मी म्हटलं, ही गोळी आजपासून बंद, नाहीतर उरलीसुरली किडनीही जाईल.

मुलगा नाराज झाला. त्याचं म्हणणं, दोन छापील कागद म्हणतात सगळं ठीक आहे आणि तुम्ही एकट्याच बिघडवून राहिल्या. मी समजवायला म्हणून अठ्ठावन्न घालून दाखवलं. आकडा थोडा वर चढला. तो एकदम खूश. “मंग अठ्ठावनच राहू द्या नं, म्याडम. किडनी सुदरून राह्यली तं कायले बिघडवता?”

भागीरथाबाई इतका वेळ गुडघे चोळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “राहू दे बाप्पा अठ्ठावन. गुडघ्यायलेबी तसंच सांग, आयकते का पाय.”

गोळी बंद झाली.

*

अंदाज नको, खरं मोजमाप हवं असेल तर एक जुनी पद्धत आहे. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करायची आणि त्यात किती कचरा आला ते मोजायचं. सांगायला सोपं. जैनथकडच्या एका शेतकऱ्याला यादगिरींनी पाच लिटरचा कॅन दिला आणि तेलुगू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत सूचना दिल्या. तो तिन्ही वेळा मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको बसनं कॅन घेऊन आले. काठोकाठ भरलेला. कंडक्टरनं विचारलं म्हणे, काय आहे? त्यानं खरं सांगितलं, तर दोघांना मागची अख्खी सीट मोकळी मिळाली. कापसाच्या दिवसांत जैनथच्या गाडीत अख्खी सीट मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यादगिरींनी तपासणी केली आणि कागद घेऊन माझ्याकडं आले. चेहरा गंभीर. म्हणाले, “म्याडम, या माणसाला किडन्या किती आहेत?” आकडा माणसाचा नव्हताच. एका वेळी चार जण गाळत असल्यासारखा होता.

मी दोघांना आत बोलावलं आणि विचारलं, सगळी याचीच आहे ना? नवरा जमिनीकडं पाहायला लागला. बायकोनं सांगून टाकलं की रात्रीपर्यंत कॅन निम्माही भरला नव्हता, म्हणून मग तिनं, मोठ्या पोरानं आणि शेवटी सासऱ्यानंही हातभार लावला.

मी म्हटलं, अहो, निम्मा आणला असता तरी चाललं असतं.

ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. “कोनाचा डबा तसाच निम्मा कसा वापस द्याचा, म्याडम?”

*

एक निवृत्त हेडमास्तर आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल लावले, आता दर तीन महिन्यांनी स्वतःचा घ्यायला येतात. त्यांचा आकडा पहिल्यांदा अठ्ठेचाळीस आला. मी सांगितलं की हे टक्के नाहीत, मिनिटाला मिलीलीटर आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे सेकंड क्लास थोडक्यात हुकला.

घरी जाऊन त्यांनी किनवटच्या साडूला फोन केला. साडूनंही नुकतीच तपासणी केली होती. त्याचे पंचावन्न.

दुसऱ्या दिवशी सर दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर हजर. रिव्हॅल्युएशन पाहिजे. मी चौकशी केली तर कळलं, रक्त द्यायच्या आदल्या रात्री पुतण्याच्या घरी मटणाचा बेत झाला होता. मटणानं क्रिएटिनिन तेवढ्यापुरतं वाढू शकतं. मी म्हटलं, आठवडाभर साधं जेवा, पाणी नेहमीसारखं प्या, मग पुन्हा बघू. सरांनी आठवडा असा पाळला की घरात कुणी मटणाचं नावही काढलं नाही. पुतण्याशी बोलणं बंद केलं ते वेगळं.

पुन्हा तपासलं. एक्कावन्न.

मी अभिनंदन केलं. खरंच केलं, कारण तीन गुणांच्या फरकावर इतका आनंद झालेला माणूस दवाखान्यात रोज दिसत नाही. पण सरांचा चेहरा उजळेना. मी म्हटलं, सर, साडूंशी तुलना करायचं कारण नाही, प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

“तसं नाही,” सर हळूच म्हणाले. “मला मनाचं समाधान आहे. तिकडं महाराष्ट्रात पहिल्यापासून पेपर सैल तपासतात.”

*

इचोड्याच्या रस्त्यावर ढाबा चालवणारे एक शेठ आहेत. माणूस दिलदार, बांधा ढाब्याला शोभेल असा. पायावर जखम झाली, ती चिघळली, आणि एक इंजेक्शन द्यायची वेळ आली. त्याचा डोस किडनी किती चालते त्यावर ठरतो, आणि त्या हिशोबात वजन लागतं.

शेठ आमच्या काट्यावर उभे राहिले. काटा एकशे वीसपर्यंतचा. सुई शेवटच्या आकड्यापलीकडं जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. उतरल्यावरही.

मी म्हटलं, असं करू, दुसरीकडं मोठा काटा मिळतो का बघू. शेठ म्हणाले, बघायचं कशाला, मार्केटात कापूस मोजायचा काटा आहे, तो माझ्या ओळखीचा. ऑटो केला आणि गेले. अर्ध्या तासात परत.

“एकशे चाळीस भरलं,” ते म्हणाले. “पन काटेवाल्यानं माहे पाय दाबून पाह्यले आन् दहा किलो ओलावा कापला.”

कापूस ओला असला की व्यापारी वजनातून ओलावा कापतो, ते इकडच्या प्रत्येकाला माहीत. सिस्टर हसून हसून टेबलाला धरून उभ्या. मी शेठचे पाय पाहिले. खरंच सुजले होते, बोट दाबलं की खड्डा पडत होता. अंगात साठलेलं पाणी हिशोबात धरायचं नसतं.

मी एकशे तीस लिहिलं.

*

आता डॉक्टरांचंही सांगते, नाहीतर म्हणाल पेशंटनाच हसते.

गावातल्या एका हॉटेलात आम्हा डॉक्टरांसाठी चर्चासत्र होतं. हैदराबादहून तज्ज्ञ आले होते. त्यांनी पडद्यावर एकामागून एक सूत्रं दाखवली. कोणतं कुठं चुकतं तेही सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, मग आम्ही नेमकं कोणतं वापरायचं? तज्ज्ञ म्हणाले, पेशंटकडं बघून ठरवायचं. म्हणजे सूत्र येण्याआधी आपण जे करायचो तेच.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते. गावात त्यांना सगळे ‘मोठे डॉक्टर’ म्हणतात. ते उठून दहा मिनिटं बोलले. सूत्रावर विश्वास ठेवा, आकडा भावना बघत नाही, पेशंट रडला तरी आपण आकड्याशी प्रामाणिक राहिलं पाहिजे. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या हॉलबाहेर फुकट रक्ततपासणीचं टेबल होतं. सगळ्यांनी हौसेनं रक्त दिलं. गुलाबजाम संपेपर्यंत निकाल आले. मोठ्या डॉक्टरांचा आकडा अठ्ठावन्न.

दुपारच्या सत्रात ते पुन्हा उठले. म्हणाले, ही सूत्रं परदेशी देहांवर बेतलेली आहेत. आपलं खाणं वेगळं, बांधा वेगळा, पाणी वेगळं. अशा आकड्यांवरून माणसाला आजारी ठरवणं हा अन्याय आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हीच त्यातली गंमत.

सोमवारी त्यांच्याकडून एक पेशंट चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आला. वय मोठ्या डॉक्टरांएवढंच, आकडाही अठ्ठावन्न. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘किडनी निकामी होण्याच्या मार्गावर. तातडीने बघावे.’

*

बेल्याचा संदीप. कबड्डी खेळतो, जिममध्ये जातो, दंड असे की शर्टाची बाही शिवणीवर उसवायला आलेली. साखरपुडा झाला होता, मुलगी पांढरकवड्याची. एका शिबिरात त्यानं रक्त तपासलं आणि रिपोर्ट कौतुकानं होणाऱ्या बायकोला मोबाईलवर पाठवला. क्रिएटिनिन दीड, पुढं जास्त असल्याची चांदणी छापलेली. तिच्या मामानं तो आकडा फोनवरच्या सूत्रात घातला आणि जाहीर केलं की मुलाची किडनी गेली. लग्न थांबलं.

पोरगा माझ्यासमोर येऊन बसला. त्यानं जेवण सोडलं होतं. मला म्हणाला, तिला फसवायचं नाही, खरं काय ते सांगा.

खरं साधं होतं. एवढे स्नायू, वर जिमवाल्यांची डब्यातली पावडर. कचरा जास्त निघणारच. त्यात किडनीचा काय दोष? पण माझ्या म्हणण्यानं मामाचं समाधान होणार नव्हतं. स्नायूंशी संबंध नसलेली एक दुसरी रक्ततपासणी असते. नमुना हैदराबादला पाठवला. निकाल उत्तम. पावडर बंद केल्यावर पहिला आकडाही खाली आला.

दोन्हीकडची मंडळी दवाखान्यातच बोलणी करायला आली. मामांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि मोठ्या मनानं मुलाला पास केलं. सगळे उठणार तेवढ्यात संदीपची आई म्हणाली, “थांबा. पोरीचाबी पायजे.”

मुलगी शहाणी. तिनं तिथंच हात पुढं केला. यादगिरींनी रक्त घेतलं. क्रिएटिनिन शून्य पॉइंट सहा.

संदीपची आई कपाळाला हात लावून खालीच बसली. “निम्मी हाय नं वं माय! इतक्याशा किडनीवर संसार कसा करन ही?”

मी सांगितलं की हा आकडा जितका कमी तितका चांगला. तिनं जरा विचार केला आणि ताठ होऊन मला विचारलं, मग तुमचं म्हणणं, आमच्या पोरात खोट आहे?

लग्न झालं. मी गेले होते. दोघं एकमेकांकडं बघून हसत होते आणि मामा पंगतीत प्रत्येकाला क्रिएटिनिन समजावून सांगत होते.

*

जैनथकडच्या एका गावातले तीन भाऊ. थोरला शेषराव, मधला किसन, धाकटा प्रल्हाद. किसनच्या दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. आकडा नऊवर आला तेव्हा मी सांगितलं, आता डायलिसिस, किंवा घरातल्या कुणीतरी किडनी द्यायची.

बायको लगेच तयार झाली, पण तिला स्वतःलाच शुगर. आई-वडील नाहीत. राहिले भाऊ. प्रल्हाद किसनला प्रत्येक वेळी मोटरसायकलवर घेऊन यायचा, हाताला धरून आत आणायचा, औषधं तोच समजून घ्यायचा. सगळ्यांनी त्याचंच धरलं होतं. तपासलं, आकडा शहाण्णव, रक्तगटही जुळला. घरचे आनंदानं रडले.

दोन दिवसांनी तो एकटा आला. आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला की बायकोनं पोरांना घेऊन माहेर गाठलंय, आणि त्याला स्वतःलाही रात्रभर पोट फाडल्यासारखं वाटतं. आकडा थोडा कमी करून देता येईल का, असं त्यानं विचारलं. तोवर मला आकडा वाढवून मागणारेच भेटले होते. मी म्हटलं, खोटा आकडा देणार नाही. पण मनाविरुद्ध कुणाची किडनी काढायची नसते. घरच्यांना मी एवढंच सांगेन की प्रल्हादची घेता येत नाही. कारण कुणी विचारलं तरी सांगणार नाही. तो टेबलावर डोकं ठेवून रडला. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. त्यानं भावाला आणायचं कधी सोडलं नाही.

शेषरावाचं नाव त्या घरात कुणी घेतच नव्हतं. शेताच्या बांधावरून त्याचा आणि किसनचा मुकदमा चालू होता. वर्षानुवर्षं बोलणं नाही, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाणं नाही. कोर्टात पेशीच्या दिवशी, म्हणजे तारखेला, तेवढे समोरासमोर यायचे.

एका सकाळी एक उंच, काळासावळा माणूस नंबर लावून आत आला. मी विचारलं काय होतंय. म्हणाला, काही नाही, किडनी पाहा. नाव विचारलं तेव्हा मला कळलं.

सूत्रानं त्याचा आकडा चौऱ्याहत्तर दिला. एवढ्यावर कुणी किडनी घेणार नाही. पण माणूस आयुष्यभर कापसाच्या गाठी उचललेला, खांदे दारात न मावणारे. सूत्र त्याला चुकीचं तोलत असेल अशी मला शंका आली. इथं अंदाज चालणार नव्हता. हैदराबादला एक स्कॅन होतं, त्यात किडनी खरोखर किती गाळते ते मोजता येतं. मी म्हटलं, जाल का? तो गेला. हैदराबाद त्यानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

खरा आकडा शंभराच्या वर निघाला. रक्तगटही जुळला.

ऑपरेशन तिकडंच झालं. देणाऱ्याला कुणी भाग पाडलंय का हे तिथं खोदून खोदून विचारतात. शेषरावानं नाही एवढंच सांगितलं. दोघंही बरे होऊन गावी आले. किसनचा आकडा आता साठाच्या घरात असतो. किसननं भावाच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा शेषराव म्हणे बाजूला सरकला आणि गोठ्यात निघून गेला.

मुकदमा चालू आहे. पेशी असली की दोघं आदिलाबादला येतात, कोर्ट उरकतात आणि तिथून तपासणीला माझ्याकडं येतात. बाकाच्या एका टोकाला किसन, दुसऱ्या टोकाला शेषराव. मधे प्रल्हाद दोघांच्या फायली घेऊन.

मागच्या पेशीला निकाल किसनच्या बाजूनं झुकतोय असं वकिलानं सांगितलं होतं, आणि शेषराव वरच्या कोर्टात जायची भाषा करत होता. रक्तदाबाचा पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळता गुंडाळता सुलोचना सिस्टरांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, एवढंच भांडायचं होतं तर किडनी काऊन देली?

शेषरावानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू या बाईला शेतीतलं काहीच कळत नाही.

“तो मेला असता,” तो म्हणाला, “तं मी भांडलो कोनासंग असतो?”